धुतलेले दगड

पाणमांजर सहसा दिसत नाही, दिसते ती त्याची विष्ठा. म्हणून आमच्या संरक्षण केंद्राचा सगळा कारभार त्या विष्ठेवर चालतो. हसा खुशाल! अहवालात आम्ही तिला 'जैविक पुरावा' म्हणतो.

केंद्राचे साहेब म्हणजे माझ्या ताईचे यजमान. घरी भाऊजी, ऑफिसात साहेब. अक्कल दोन्हीकडे बेताचीच. नदीकाठी ते कधी फिरकत नसत, बूट खराब होतात म्हणून.

त्या काठाला काँक्रीटची भिंत घालायचं घाटत होतं. तिथेच झुडपांखालच्या बिळात आमच्या नदीतलं शेवटचं पाणमांजर पिल्लं घेऊन राहत होतं. वरच्या ऑफिसातल्या बाई तपासणीला येणार होत्या. दगडांवर ताजी विष्ठा दिसली तर भिंत रद्द, नाही तर पिल्लं बाराच्या भावात.

त्या दिवशी सकाळी पाहिलं, तर दगडांवर माशांच्या काट्यांनी भरलेली विष्ठाच विष्ठा! आनंदानं उडीच मारली मी. 'जैविक पुरावा मिळाला' असं साहेबांना फोनवर कळवलं आणि बाईंना आणायला स्टेशनवर गेलो.

परत येतो तर काठावर फिनेलचा भपकारा. दगड लखलखीत, वर चुन्याचे पट्टे. बाह्या सरसावून, खराटा धरून भाऊजी उभे.

"अहो भाऊजी, हे काय करून बसलात?"

"साहेब म्हण. केवढी घाण होती रे! बाई येणार आणि तू खुशाल तशीच ठेवलीस?"

"अहो, तोच जैविक पुरावा होता!"

"तो?" भाऊजींचा चेहरा पडला. "असा असतो?"

मी बाईंना बीळ दाखवलं, उद्यापर्यंत थांबा म्हणून हातापाया पडलो.

"बीळ घुशीचंही असू शकतं," बाई म्हणाल्या. "नियमात विष्ठा आहे." त्यांनी शेरा मारला: पुरावा नाही, स्वच्छता वाखाणण्याजोगी.

त्या रात्री ताईनं भाऊजींची बिनपाण्यानं केली. पण उपयोग काय? भिंत उभी राहिली, बीळ तिच्याखाली गेलं. मी रडलो, सरळ सांगतो.

आता भिंतीवर भाऊजींनी पाटी लावली आहे: 'पाणमांजरांना त्रास देऊ नका.' ती पुसायचं काम माझ्याकडे आहे. रोज सकाळी फडकं घेऊन जातो. आज तरी कुणी भिंतीच्या पायथ्याच्या कट्ट्यावर घाण करून गेलं असेल, या आशेनं जीव टांगणीला लागतो.

सगळं रोज स्वच्छच असतं.