अर्धं राहिलेलं सावधान

सुलक्षणा जिथे जाई तिथे आडवी असलेली माणसं ताठ होत. टाचा जुळत, मुठी मांड्यांना चिकटत आणि डोळे छताला लागत. सैन्यातून सुटून ती मिरजेला आली ती एक ट्रंक, तीन वर्षांची लेक जुई आणि हे एवढं घेऊन.

त्याचं असं झालं. लष्करी दवाखान्यात नर्स ही अधिकारी असते. ती फेरीला आली की पेशंटांमधला जो वरच्या हुद्द्याचा असेल तो "सावधान" म्हणून ओरडतो. ज्यांना जमतं ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात, बाकीचे पडल्या पडल्या सावधान होतात. प्लास्टरमधला पायसुद्धा आपल्या परीने सावधान होतो. मग बाई "विश्राम" म्हणेपर्यंत कुणी नाकही खाजवायचं नाही. नोकरीची मुदत संपली त्या शेवटच्या दिवशी कॅप्टन सुलक्षणा मोहिते फेरीला गेली, वॉर्ड सावधान झाला, आणि तेवढ्यात क्वार्टरवरून निरोप आला की जुईला ताप भरलाय. ती तशीच धावली. विश्राम द्यायचा राहिला. अर्धं सोडलेलं साधं शिवणकामही माणसाच्या मागे लागतं. हे तर हुकमाचं काम, ते कशाला मागे राहील?

वॉर्ड आता कॅप्टन ब्लेसीकडे होता. सुलक्षणाने तिला फोन केला. ब्लेसी म्हणाली की इथलं सगळं ठीक आहे, मी त्यांना माझा विश्राम दिला, तुझं सावधान तेवढं इथे सापडत नाही. मग मी येऊन देऊन जाऊ का, असं सुलक्षणाने विचारलं. ब्लेसी म्हणाली, "तू आता भेटीच्या वेळेत येणार. भेटायला आलेल्या बाईचा हुकूम कोण ऐकतं? तुझा स्वतःचा एखादा वॉर्ड बघ. कुठलाही चालेल. तिथून दे."

म्हणून सुलक्षणाला नोकरी हवी होती. नवऱ्याची नेमणूक अशा उंचीवर होती की तिथून फोन यायचा तोही बर्फाच्या सवडीने. सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत खातूनचाचींच्या माडीवर तिने एक खोली घेतली होती. खोली एकच, त्यामुळे जुई झोपली की आई समोर असायचीच, आणि आई समोर असली की जुई सरळ. एरवी ही पोर झोपेत शेंगेसारखी वळायची, गुडघे पोटाशी, बोट तोंडात. आता ती पाटीवर आखलेल्या रेघेसारखी पडून राहायची, डोळे उघडे ठेवून. सुलक्षणा तिच्या कानाशी विश्राम म्हणायची. शब्द तोच, आवाजही तोच. पण तो जुईच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळून जायचा.

पहिले काही दिवस खोलीबाहेर जिन्यात झोपून भागलं. दार लावलं की आत जुई सैल व्हायची. मग दार पुरेना. मग जिनाही पुरेना, हुकमाचा पल्ला रोज वाढत होता. एका दुपारी खाली चाची अंग टाकून पडल्या होत्या, त्याही ताठ झाल्या. उठल्यावर म्हणाल्या, "बाळंतपणापासून वाकलेली कंबर आज सरळ झाली बघ. हकीमाला जमलं नाही ते तुला जमलं. पण पोरी, लहान लेकराची कंबर सरळ करून काय करायचंय?"

सुलक्षणा हसली, पण तिचं लक्ष जुईच्या बोटांकडे होतं. सकाळी बिस्कीट धरायला ती बोटं आता वेळ लावत होती. नर्सच्या हातांना फसवता येत नाही. तिने जुईचा गुडघा वाकवून पाहिला, तर तो वाकायच्या आधी जरा विचार करत होता. चाचींनी पोरीच्या पाठीवर टिचकी मारली आणि कान दिला. सतारीचा भोपळा वाळत आला की असाच वाजतो, असं त्या म्हणाल्या.

मिरजेत काही नाही तर दवाखाने आहेत. सुलक्षणा एकेक जिना चढत गेली. एका डॉक्टरांनी तिला चहा पाजला, देशसेवेचं कौतुक केलं आणि म्हणाले की तुम्ही मॅडम, आम्हाला पाहिजे सिस्टर. ती म्हणाली, मी सिस्टर होते. डॉक्टर म्हणाले, तेच तर, होता. दुसरीकडे तिला लष्करातला अनुभव इथला अनुभव धरता येत नाही असं समजावून सांगितलं. गोळी लागलेला माणूस आणि अपेंडिक्सचा माणूस यांत फरक असतो. तिसरीकडे विचारलं की मुलगी लहान आहे, आजारी पडली तर काय कराल? सुलक्षणाच्या तोंडून निघून गेलं, "एकदा पडली होती." तिथून तिला परत बोलावणं आलं नाही.

शेवटी रेल्वेच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात मेट्रन सालोमी रणभिसे भेटल्या. पांढरे केस, घट्ट अंबाडा, बोलणं मोजकं. त्यांनी काही विचारलं नाही. बायकांच्या वॉर्डाचं दार उघडलं आणि म्हणाल्या, चला, फेरी घ्या.

सुलक्षणा आत गेली. वॉर्ड ताठ झाला. कुशीवरच्या बायका पाठीवर आल्या, चादरींच्या सुरकुत्या आपोआप ताणल्या गेल्या, सलाइनची नळीसुद्धा ओळंब्यासारखी सरळ झाली. कोपरावर रेलून डब्यातला भात खाणारी एक बाई घास तोंडात ठेवूनच आडवी झाली. सुलक्षणा एकेका खाटेपाशी थांबली. नाडी पाहिली, टाके पाहिले, एकीचं सुईशी सुजलेलं मनगट तिच्या नजरेला पडलं तसं सलाइन थांबवून तिने सुई काढली, पट्टी केली. काम सगळं हातात होतं, काहीही विसरलेलं नव्हतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला श्वास पुरा आला.

मेट्रनबाई म्हणाल्या, "असा वॉर्ड मी आयुष्यात पाहिला नाही. आता सोडा त्यांना."

"विश्राम," सुलक्षणा म्हणाली.

कुणी हललं नाही. तिने पुन्हा म्हटलं, परेडच्या मैदानावर म्हणतात तसं, पोटातून. घास तोंडात असलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि दोन्ही बाजूंनी कानात गेलं.

"होत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

"वॉर्ड माझ्याकडे दिलात की होईल."

"झालं की देता येईल."

"बाई, माझी मुलगी आहे घरी."

"माझ्या या सगळ्या कुणाच्या तरी मुलीच आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी तिला दारापर्यंत सोडलं, मग जिन्यापर्यंत, मग गेटपर्यंत, मग रस्त्यावरही, आणि दर वेळी वळून वरच्या खिडकीतल्या आयाकडे बघत होत्या. अजून कुणी सुटलं नाही, असं आया मान हलवून सांगत होती. चहाची टपरी मागे पडली तेव्हा कुठे आयाने हात वर केला. मेट्रनबाईंनी सुलक्षणाचा दंड हलकेच दाबला. "पुन्हा येऊ नका. तुमचा हात चांगला आहे, पण येऊ नका."

घरी निघालेली सुलक्षणा गल्लीच्या तोंडाशी होती, तेव्हाच चाचींचा फोन आला. जुईला दुपारचं निजवलं होतं. छान वळून झोपली होती. आत्ता, या क्षणी, फळीसारखी झालीय.

"तू कुठं हायेस?"

"कोपऱ्यावर."

"मग तिथंच थांब. नाही, जरा मागं हो बघू."

सुलक्षणा मागे झाली. पाठ फिरवून चालावं असं तिच्या मनात आलं नाही. माडीची खिडकी दिसत होती, तिच्याकडे तोंड करूनच ती एकेक पाऊल मागे टाकत गेली. सतारींची दुकानं तिच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकत लहान झाली. चाची कानात सांगत होत्या. हनुवटी खाली आली. पापण्या मिटल्या. खिडकी दिसेनाशी झाली, तरी सुलक्षणा त्याच दिशेला तोंड ठेवून मागे जात राहिली. सायकलवाले तिला वळसा घालून जात होते. बाजार संपला. टाचा सुटल्या, चाची म्हणाल्या. एक गुडघा वाकला. दुसरा वाकला. आता कुशीवर वळली गं, भिंतीकडं तोंड करून.

"बोट तोंडात घातलं का?"

"डाव्या हाताचं घातलं. उजव्याची मूठ हाय अजून."

"गरम आहे का मूठ?"

"तू मागं हो."

गावाबाहेरचा रस्ता लागला. उसाची शेतं तिच्या डोळ्यांसमोर मिटत गेली, मिरजेची पाण्याची टाकी नखाएवढी झाली. जुई किती लांब गोल होऊन निजली आहे, ते तिच्या पायांना कळत होतं. फोनमध्ये चाचींचा आवाज बारीक झाला होता. मूठ, म्हणाल्या, मूठ तेवढी राहिली.

सुलक्षणाने आणखी एक पाऊल मागे टाकलं. तिच्या पाठीशी कुठलं तरी गाव आलं होतं. दुपारची वेळ होती, माणसं जेवून पडली असणार. तिने वळून पाहिलं नाही. मागच्या घरांतून, एकामागून एक, टाचांवर टाचा येऊन आपटल्याचा आवाज येत होता. मोठ्या टाचांचा आधी, आणि मग, जरा उशिरा, लहानांचा.