अफ्रेडच्या पुढचे शब्द

ताईला आत नेल्यापासून मी ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत होतो आणि दाजी माझ्याकडे बघत होते. दाजींना आपल्या भाषेपलीकडे काही येत नाही, आणि या हॉस्पिटलातला सगळा कारभार इंग्रजीत. म्हणजे दार उघडून कोणी काही बोललंच, तर ते मी ऐकायचं आणि मग माझ्याच तोंडाने दाजींना सांगायचं. आत ताईच्या हृदयाची झडप बदलत होते.

"मास्तर, एवढ्यांना शिकवतोस, आणि इथे बघ कसा बसलायस, पेपर कोरा दिल्यासारखा," दाजी म्हणाले. त्यांच्या हातात ताईचा चष्मा होता. आत जाताना तिने दिलेला. तो ते शर्टाच्या टोकाने पुसत होते, पुन्हा पुन्हा, तीच काच.

दार उघडलं आणि चिमणी बाहेर आली. ही इथली नर्स, माझ्या इंग्रजीच्या वर्गातली. बोलताना मान उडवते म्हणून मी तिला मनातल्या मनात चिमणी म्हणतो. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. आमच्यात काय ते इंग्रजी, तेही मीच शिकवलेलं.

"सर," ती म्हणाली, "आय ॲम अफ्रेड..."

तेवढ्यात आतून कोणीतरी तिला हाक मारली. ती गर्रकन वळली आणि दार बंद झालं.

मी बाकावरून उठलो आणि पुन्हा बसलो.

मी शब्द सुटे शिकवत नाही. सुटे शब्द पाठ करणाऱ्यांची बोलायच्या वेळी दातखीळ बसते. मी कॉर्पस उघडतो. कॉर्पस म्हणजे माणसांनी खरोखर बोललेल्या, लिहिलेल्या इंग्रजीचा संगणकातला भलामोठा ढीग. त्यात एक शब्द टाकला की तो जिथे जिथे आला ती वाक्यं एकाखाली एक येतात, आणि त्या शब्दाचं कोणाशी सूत जमतं ते कळतं. मग मी तो शब्द सोबत्यांसकट, अख्खा तुकडा म्हणून शिकवतो. अफ्रेड टाकून पाहिलं होतं. 'आय ॲम अफ्रेड' म्हणणारे बहुतेक लोक मुळी घाबरलेलेच नव्हते. ते नम्रपणे वाईट बातमी देत होते. आय ॲम अफ्रेड, साहेब नाहीत. आय ॲम अफ्रेड, उशीर झाला. आय ॲम अफ्रेड, आता काही करता येणार नाही.

"काय म्हणाली रे?"

"थांबा म्हणाली."

"मला बनवू नकोस. अफ्रेड म्हणाली. अफ्रेड म्हणजे घाबरणं, एवढं मलाही कळतं. ती कशाला घाबरली?"

"ती घाबरलेली नाही, दाजी."

"मग तू का घाबरलास?"

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, माझा कॉर्पस खोटा पडू दे आणि दाजींचं खरं ठरू दे. पोरगी नुसती घाबरलेली असू दे. मला भयंकर भीती वाटत होती. दाजींना सांगायला शब्द शोधत होतो आणि आपल्या भाषेतला एकही शब्द सापडत नव्हता. दाजींनी चष्मा पुसायचं थांबवलं. ते उठून दारापाशी गेले, परत आले, आणि मला अगदी खेटून बसले.

दार पुन्हा उघडलं. "सॉरी, सर," चिमणी म्हणाली. "आय ॲम अफ्रेड, युवर सिस्टर इज फाइन. आय ॲम अफ्रेड, ऑपरेशन इज सक्सेसफुल." आणि मान उडवून, वर्गात विचारते तसं तिने विचारलं, "करेक्ट, सर?"

मला आठवलं. गेल्या तासाला मी फळ्यावर तेवढाच तुकडा लिहिला होता. 'हा आधी लावला की बोलणं मऊ होतं,' असं सांगितलं, आणि तास संपला. त्याच्या पुढे काय येतं, ते पुढच्या तासावर टाकलं होतं.

"करेक्ट," मी म्हणालो. जन्मात एवढी मोठी चूक मी बरोबर दिली नव्हती. "दाजी, ताई बरी आहे."

दाजींनी ताईचा चष्मा स्वतःच्याच डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या आड हमसून रडू लागले. मी त्यांचा हात धरला. माझंही नाक वाहत होतं.

समोरच्या बाकावर एक बाई इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून आमच्यासारख्याच दाराकडे बघत होत्या. हातातला कागद बघत चिमणी त्यांच्याकडे गेली.

"मॅडम, आय ॲम अफ्रेड..."

वर्तमानपत्र खाली पडलं. बाईंचा चेहरा पांढराफटक झाला.

"अगं, थांब!" मी ओरडलो, तेही आपल्या भाषेत. दाजींखेरीज कोणालाच ते कळलं नाही. मला बाईंना सांगायचं होतं, घाबरू नका, ती उगाच तसं म्हणते. तोंड उघडलंही होतं.

पण तिच्या कागदावरचे पुढचे शब्द मलाही कुठे माहीत होते?