हात लावण्याआधी

"तो ओटा झिजेल आता," आई म्हणाली. "बस की एका जागी. पायाला भिंगरी लागलीये का?"

मुलाने फडकं ठेवलं आणि पाण्याची बाटली भरायला घेतली. ती भरलेलीच होती. मग त्याने खिडकी उघडली, रस्त्यावर काहीच नव्हतं म्हणून पुन्हा लावली आणि खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभा राहिला. कॉलेजातून सुट्टी नसताना घरी आलेला मुलगा काहीतरी घेऊन आलेला असतो, हे न कळण्याइतके आईवडील भोळे नव्हते. पण कुणी विचारत नव्हतं, आणि याचं तोंड उघडत नव्हतं.

आई जमिनीवर उताणी पडली होती, पाय खुर्चीवर ठेवून. हॉस्पिटलातली नर्सची सकाळची पाळी संपवून आली की ती आधी अशी पडायची. जन्मभर माणसं उचलून तिची पाठ कामातून गेली होती. घरातली निम्मी बोलणी त्यामुळे तिच्याकडे खाली बघतच व्हायची. मुलाची शाळेतली प्रगती, वडिलांची सर्दी, शेजाऱ्यांची भांडणं, सगळ्यांचे निकाल तिने जमिनीवरूनच दिले होते.

वडील घाईघाईने जेवत होते. ते शाळेची बस चालवत. सकाळी पोरं पोचवून दुपारी घरी यायचं आणि शाळा सुटायच्या आत परत जायचं, असा त्यांचा दिवस. बसची किल्ली जेवतानाही ताटाशेजारी असायची.

"इंजिनिअरसाहेब," ते म्हणाले, "वरचा पंखा कुरकुरतोय. बघा जरा, तुमच्या विद्येचा काही उपयोग होतोय का."

मुलगा इंजिनिअरिंगला गेला त्या दिवसापासून ते त्याला असंच म्हणत. थट्टाच करत, पण तो शब्द उच्चारताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची.

"मला काहीतरी सांगायचंय," मुलगा म्हणाला.

"नापास झालास?"

"नाही."

"मग मुलगी आहे."

"नाही हो, बाबा."

"मग जेव आधी. उपाशीपोटी कसली भाषणं?"

आता नाही तर कधीच नाही, असं मुलाला वाटलं.

"मी इंजिनिअरिंग सोडलंय."

वडिलांचा घास हातातच राहिला. "सोडतोयस?"

"सोडलंय. मागच्या आठवड्यातच नाव काढलं. नर्सिंगला प्रवेश घेतलाय."

एरवी आई जमिनीवरून उठायची ती आधी कुशीवर वळून, हात टेकवून. त्या क्षणी ती सरळ उठून बसली आणि कळ येऊन कण्हली. मुलगा पुढे झाला, तिने हातानेच त्याला लांब ठेवलं.

"माझ्याकडे बघून सुचलं हे?"

"नाही. म्हणजे थोडं. होस्टेलवरचा माझ्या खोलीतला मुलगा बाईकवरून पडला होता ना, तेव्हा मी वॉर्डात राहत होतो. तिथल्या नर्सिंगच्या ब्रदरनी मला सगळं दाखवलं. आई, वर्गात मला कधीच नाही वाटलं की मी इथे हवाय. तिथे वाटलं."

"एका मित्राचं अंग पुसलंस आणि तुला सेवेचं वेड लागलं!" आईचा आवाज चढला. "सेवा भेटायला येणारे करतात, दहा मिनिटं. आम्ही काम करतो. तू त्या वासात पाऊल टाकू नयेस म्हणून मी राबले. तू आगीतून फुफाट्यात नाही, घरातून आगीत चाललायस. वर मला सांगतोयस, तिथे बरं वाटलं!"

"बसमधल्या पोरांना सांगितलंय मी," वडील हळू आवाजात म्हणाले. "नवा पूल दिसला की विचारतात, काका, असा पूल बांधणार ना तुमचा मुलगा? आता काय सांगू त्यांना?"

मुलगा पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.

आई खुर्चीला धरून उभी राहिली. "ठीक आहे. अहो, हात धुवा आणि पलंगावर आडवे व्हा."

"मी? मला निघायचंय."

"पाच मिनिटं. तुम्ही पेशंट. शुद्धीवर आहात, पण हलता येत नाही."

"बोलता येतं का?"

"नाही."

"म्हणजे रोजचंच," म्हणत वडील आडवे झाले.

"यांना न उठवता खालची चादर बदल," आई मुलाला म्हणाली. "येतं ना तुला सगळं?"

येत होतंच. मुलाच्या अंगात एकदम हुशारी आली. त्याने बाह्या वर सरकवल्या, वडिलांचा पलीकडचा खांदा आणि कंबर धरली आणि झटक्यात त्यांना आपल्याकडे वळवलं. मोकळ्या झालेल्या बाजूची जुनी चादर त्यांच्या पाठीशी सरकवून त्याने नवी अंथरायला घेतली.

"थांब," आई म्हणाली. "नापास."

"का? बरोबर तर चाललंय."

"त्यांचा हात बघ."

वडिलांनी पलंगाची कड घट्ट धरली होती. बोटं पांढरी पडली होती.

"घाबरले ते," मुलगा म्हणाला.

"का घाबरले? तू पाडणार होतास का? नाही. पण त्यांना काय माहीत? पडलेल्या माणसाला आधी सांगायचं. काय करणार, कुठे धरणार, कुणीकडे वळवणार. त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि मग हात लावायचा. शुद्ध नसली तरी सांगायचं." आईचा आवाज बारीक झाला. "पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि तू आठवड्यापूर्वी सगळं उरकलंस आणि आज सांगायला आलास."

"मलाही तेच म्हणायचं होतं," पलंगावरून वडील म्हणाले. "पण मला बोलायची परवानगी नाही."

कुणी हसलं नाही.

"आधी सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस," मुलगा म्हणाला.

"नसतंच दिलं."

"मग?"

"मग भांडायचं होतंस आमच्याशी. आम्ही काय अंथरुणाला खिळलोय?"

मुलाने मान खाली घातली. भांडणाला भ्यालो, आणि त्यापायी यांना नुसते निकाल ऐकणारे करून टाकलं, हे त्याला तेव्हा उमगलं आणि फार लाज वाटली.

वडील उठले, त्यांनी किल्ली घेतली. दारात चपला घालताना सवयीने म्हणाले, "बरंय, इंजि..." आणि थांबले. मुलाकडे बघत राहिले.

"येतो रे," म्हणाले आणि गेले.

आईने पलंगावरची चादर झटकून नीट केली. मग ती स्वतःच सावकाश आडवी झाली, एक हात पाठीखाली घेऊन.

"आता मी. पहिल्यापासून कर."

मुलगा पलंगाशी आला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे पाय एका जागी थांबले.

"आई, मी तुझ्या खांद्याला आणि कमरेला धरणार आहे. माझ्याकडे वळवणार आहे. दुखलं तर लगेच सांग."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने डोळे मिटले.

"हं."

त्याने हात लावला. आईचं अंग ताठ होतं, तीच त्याला मदत करू पाहत होती. दुसऱ्याने उचलायची तिला सवयच नव्हती.

"अंग सैल सोड," तो म्हणाला. "मी धरलंय."

किती जणांना ती हे रोज सांगत आली होती. तिला स्वतःला थोडा वेळ लागला. मग हळूहळू तिचा भार त्याच्या हातांवर येऊ लागला. त्याला वाटलं होतं त्याहून आई खूप जड होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखतंय का, असं त्याने विचारलं, तर तिने नाही म्हणून मान हलवली.

"गुडघे वाकव," ती डोळे न उघडताच म्हणाली. "पाठ नको वाकवू. तुला अजून पुष्कळ वर्षं उचलायचंय."

त्याने गुडघे वाकवले.