वगळलेला गुरुवार

अनीपाने रुमालात गुंडाळलेला मोबाइल सायकालच्या टेबलावर ठेवला आणि बुटांवरचा बर्फ न झटकताच ती समोर बसली.

"त्यांचं सगळं ह्यात घालून दे," ती म्हणाली. "आवाज तरी राहील घरात."

सायकाल ही किर्गिझस्तानातल्या नारीन शहराजवळच्या एका गावातली क्षयरोगाची नर्स. अनीपाचा नवरा मामबेत रोज सकाळी गोळ्या घेतानाचा व्हिडिओ दवाखान्याच्या अ‍ॅपवर पाठवायचा. मोबाइल धरायची अनीपा. पाण्याचा घोट घेऊन तो तोंड उघडून दाखवायचा आणि सायकालला म्हणायचा, झालं पोरी, आता तूही कामाला लाग. महिन्यापूर्वी तो गेला. नियमाप्रमाणे हे सगळे व्हिडिओ उद्या पुसले जाणार होते. घरच्यांनी सही केली, तर ते त्यांना मिळत.

सही झाली. सायकाल एकेक व्हिडिओ निवडू लागली आणि एका गुरुवारपाशी तिचं बोट थांबलं. त्या दिवशी अनीपा बहिणीकडे गेली होती. मामबेतने मोबाइल स्वतःच धरला होता. तोंडातली गोळी तळहातावर काढून तो सांगत होता, की पोटात नुसती आग पडते. महिना झाला, एकही गोळी गिळलेली नाही, जिभेखाली धरून ठेवतो. अनीपाला कळू देऊ नकोस. आपण ह्यांना वाचवतोय असं वाटतं तिला.

सायकालने तेव्हाच डॉक्टरांना कळवलं होतं. दोघांनी त्याला परोपरीने समजावलं. तो नुसती मान डोलवायचा. अनीपाला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

सायकालने तो गुरुवार वगळला.

अनीपा तिथेच बसून एकेक तारीख बोटाने सरकवत राहिली.

"मी बहिणीकडे गेले होते, तो गुरुवार नाही ह्यात."

"त्या दिवशी काही आलं नव्हतं, एजे." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणत सायकालने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

अनीपाने मोबाइल पुन्हा रुमालात बांधला.

"असू दे. तुझ्यापाशी बोललेत, तर तुझ्यापाशीच राहू दे. त्यांचा कोट धुताना खिशात गोळ्या सापडायच्या मला. ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या."

"मग बोलला का नाहीत तुम्ही त्यांना?"

अनीपा दारापर्यंत गेली होती.

"मोबाइल समोर धरला की हसायचे गं," ती म्हणाली. "दिवसभरात तेवढंच."