बंद टीव्हीतली सोबत

दादाचं आणि माझं एका गोष्टीवरून कधीच पटलं नाही. जुना टीव्ही आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आला की त्याचे हात शिवशिवतात. पिक्चर ट्यूब बदल, वायरिंग बदल, लाकडाला पॉलिश मार. चालला पाहिजे, बस. मला वाटतं, काही टीव्ही आहेत तसेच जपावेत. "मग लोणचं घाल त्याचं," दादा म्हणतो.

मागच्या गल्लीतल्या काकूंनी आपला लाकडी दारांचा टीव्ही आणला, तेव्हाही हेच झालं. काकू शाळेत गाणं शिकवायच्या, आता एकट्या राहतात.

"लेक म्हणते, चालू करून घे. माझं मन धजत नाही," त्या म्हणाल्या. "बंद असला ना, की काचेत हे दिसतात. खुर्चीत बसलेले. जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण रोज मी यांच्याशी बोलते. दुरुस्त केला तर जातील का हो?"

"बघून सांगतो, काकू," दादा म्हणाला. त्या गेल्यावर त्यानं डोक्याशी बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काच पुसत होते. काचेत आमचं दुकान दिसत होतं: खिडकी, टेबल, वायरींना सोल्डरचा डाग देत बसलेला दादा. आणि त्याच्यामागे स्टुलावर एक माणूस. हात गुडघ्यांवर, मान कललेली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मी वळून पाहिलं. स्टुलावर वायरचं भेंडोळं होतं. काचेत ते नव्हतं.

"दादा, इकडे ये जरा."

तो वाकून बघत राहिला. "ट्यूबवर डाग पडलाय. तेच तेच चित्र राहिलं की पडतो. नवी घालू." बोलता बोलता त्यानं टीव्ही दाराकडे वळवला. काचेत आता रस्ता आला. माणूस दुकानाच्या पायरीवर बसला होता. मघापेक्षा जवळ.

दादानं टीव्हीची दारं लावली आणि काकूंना निरोप धाडला.

काकू दोन आठवड्यांनी आल्या. मधल्या काळात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सगळं लख्ख दिसतंय म्हणून खुशीत होत्या. मी दारं उघडली. त्या वाकल्या, आणि त्यांचं हसू मावळलं.

"हे... हे नाहीत."

"म्हणजे?"

"आमच्या ह्यांना टक्कल होतं. हा कोण?"

"नवी ट्यूब घातली की जाईल तो," दादा घाईघाईनं म्हणाला. "आत्ताच्या आत्ता घालतो."

काकू टीव्हीसमोर बसल्या. "पोटातलं सगळं ह्यालाच सांगितलं की मी. आमच्या ह्यांच्या तक्रारीसुद्धा." मग काचेकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगायचं नाही का हो?"

माणसानं मान खाली घातली. मी पाहिलं. दादानंही पाहिलं.

मग काकू उठल्या. "काही बदलू नका. आहे तसा घरी पोचवा. एकटीला घर खायला उठतं."

संध्याकाळी आम्ही दोघांनी तो त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. दादानं स्क्रूसुद्धा काढला नव्हता. जिना उतरताना वरून काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. मध्येच त्या थांबायच्या, मग म्हणायच्या, "हो का? बरं, मग?"

दादानं लहानपणी धरायचा तसा माझा हात धरला आणि आम्ही भराभर खाली आलो.