दीड तासावरची दुबई

आकुर्डीत कुणालाही दुबई किती लांब आहे हे विचारायचं असेल, तर त्याने नूरबीला विचारावं. दीड तास, ती छातीठोक सांगायची. तिचा पोरगा फारूक पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानेच पत्रात कळवलं होतं, मुंबईहून आठला उडालो आणि साडेनऊला उतरलो. लोणावळ्याला लोकलने जायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, मग पोरगं परदेशी कसलं? शेजारची इंदुताई नागपूरच्या मुलासाठी डोळे पुसायची, तेव्हा नूरबीला तिची कीव यायची.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी नूरबीचा नवरा रहिमान गॅरेजातून आला, छाती धरून खाली बसला आणि गेला. इंदुताईंचे यजमान लक्ष्मणराव यांनी खटपट करून कंपनीच्या फोनवरून दुबई गाठली. फारूकने कळवलं, सकाळी आठच्या विमानाने निघतो, अब्बांचं तोंड पाहिल्याशिवाय नेऊ नका.

नूरबीने हिशेब मांडला. साडेनऊला मुंबई, पुढे घाट चढून यायला टॅक्सीला पाच तास. अडीचला पोरगं दारात. मशिदीचे बरकतचाचा मय्यत ठेवायला नाखूश होते, पण दीड तास ऐकून तेही नरमले. पिंपरीहून बर्फाच्या लाद्या आणवल्या.

अडीच वाजून गेले. नूरबीचा जीव थाऱ्यावर नव्हता. हॉर्न वाजला की ती दाराशी जायची, आत येऊन नवऱ्यावरची चादर सारखी करायची, की पुन्हा उंबऱ्यावर. तीन झाले, चार झाले. विमान पडलं की काय? का टॅक्सी घाटात कोसळली? बायका बस म्हणत होत्या, ती बसेना. बर्फाचं पाणी मोरीकडे वाहत होतं.

पाचच्या सुमाराला असरची नमाज झाली आणि बरकतचाचा दाराशी येऊन उभे राहिले. आता नूरबीनेच बोलायचं होतं. बापाचं तोंड पाहायचा पोराचा हक्क आईनेच मोडायचा होता. तिला साऱ्या जगाचा राग आला, त्या मेल्या विमानाचा तर सगळ्यात जास्त.

"उचला," ती म्हणाली.

जनाजा वळणाआड गेला आणि थोड्याच वेळाने दारात टॅक्सी थांबली. फारूक तसाच कब्रस्तानाकडे पळाला. माती द्यायला तेवढा पोचला, तोंड दिसलं नाही.

तो परत आल्यावर नूरबीने पहिलं विचारलं, विमान उशिरा सुटलं का. तो खाली मान घालून सांगू लागला. विमान वेळेवरच होतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. विमानाला लागतात तीन तास, पण जाताना ते घड्याळात दीडच दिसतात आणि येताना साडेचार. त्याला हे तिथे गेल्यावर आठवडाभरातच कळलं होतं. पण गेल्या साली सुट्टीला आला, तर अम्मा अख्ख्या गल्लीला दीड तास सांगत हिंडत होती, हसत होती. मग त्याने तसंच राहू दिलं.

नूरबी रागावली नाही. तिने त्याचे मातीचे हात आपल्या हातात घेतले.

"येवढ्या लांब हायेस, ह्ये सुट्टीला आलास तवाच बोलला असतास," ती म्हणाली, "तर आमी तुला परत धाडलंच नसतं."