एका मिनिटाची शाल

मित्रांनो, मी एक जुनी पोन्नाडै आहे. तुमच्याकडे सत्काराला शाल-श्रीफळ देतात ना, त्यातल्या शालीला आमच्या तंजावूरकडे पोन्नाडै म्हणतात. माझा रंग जांभळा, काठ रुंद, आणि जर... जर खोटी आहे, पण उन्हात तसं कुणी म्हणणार नाही. यंत्रमागावर माझ्या ढीगभर बहिणींबरोबर मी विणली गेले. कुंभकोणमच्या दुकानात घडी होऊन बसले, तेव्हा मला वाटलं होतं, आता कुणाला तरी ऊब द्यायची. किती भोळी होते मी!

आमच्या जातीचं आयुष्य एका मिनिटाचं. शाल खांद्यावर पडते, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात, फोटो निघतो, आणि शाल लगेच मागच्या माणसाच्या हातात जाते. तिथून कपाटात, आणि कपाटातून पुढच्या सत्काराला. मी मुख्याध्यापकांच्या खांद्यावर पडले, नादस्वर वाजवणाऱ्यांच्या पडले, एकदा तर नवरदेवाच्या रुसलेल्या मामाच्याही पडले. कौतुक भरपूर झालं. ऊब मात्र कुणी घेतली नाही.

फिरत फिरत मी कमलाक्षीबाईंच्या ट्रंकेत येऊन पडले. ओरत्तनाडुजवळच्या एका लहानशा गावात त्या राहतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच रुजलेलं त्यांचं मराठी घर. बाहेर तमिळ, चुलीपाशी मराठी. त्यांची भाची भुवनेश्वरी त्या भागाची आमदार. विधानसभेचं अधिवेशन संपलं की ती चेन्नईहून येते आणि गावोगाव सभा घेऊन काय झालं, काय राहिलं ते सांगते. बाकीच्या गावांत लोक आधी शाल घालतात आणि मग ऐकतात. कमलाक्षीबाईंनी आपल्या गावात रीत उलटी केली होती. आधी ऐकायचं, पटलं तर शाल! तोवर मी टेबलावर, नारळाच्या शेजारी.

या खेपेला सगळ्यांचे प्राण कानात आले होते. कमलाक्षीबाईंची नात हरिता तंजावूरला नर्सिंग शिकत होती आणि गावाकडची शेवटची बस तिचा वर्ग सुटण्याआधीच निघून जायची. वसतिगृहात जागा नव्हती. संध्याकाळची बस मिळाली नाही, तर पोरीला शिक्षण सोडावं लागणार होतं. गेल्या सभेत भुवनेश्वरीने तिला शब्द दिला होता.

मारियम्मन देवीच्या देवळासमोर मांडव पडला. भुवनेश्वरीने तमिळमध्ये असं झकास भाषण केलं की विचारू नका. गावाचं नाव सभागृहात दुमदुमलं, मागणीची नोंद घेतली गेली, बससेवेला तत्त्वतः मान्यता मिळाली, पुढील कार्यवाही प्रगतिपथावर आहे! टाळ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी मला उचलायला हात पुढे केला, मीही घडीतल्या घडीत फुगले. इतक्यात कमलाक्षीबाईंनी माझ्यावर तळहात ठेवला.

"भुवना, तमिळांत बेस बोललीस. आतां घरच्या बोलींत सांग."

"आत्या, अस्के लोक आहेत इथे," भुवनेश्वरी हळूच म्हणाली. अस्के म्हणजे सगळे, आणि सगळ्यांना ही बोली कुठे कळते!

"अस्क्यांना हरिता सांगेल. तूं आम्हांला सांग."

मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे. त्या घरची मराठी चुलीपुढे वाढलेली. तिच्यात सांबाराला शब्द आहे, तापाला आहे, मोगऱ्याला आहे, भांडणाला तर पुष्कळच आहेत. पण 'तत्त्वतः मान्यते'ला एकही नाही! आमदारबाईंनी तोंड उघडलं, शोधाशोध केली, पाणी प्यायल्या आणि शेवटी हसू लागल्या.

"बस मिळाली, आत्या. संध्याकाळची. पुढच्या सोमवारीं सुरू."

"देवळापर्यंत येते?"

भुवनेश्वरीचं हसू ओसरलं. "नाही. कालव्याच्या पुलापर्यंतच. देवळापाशीं बस वळायला जागा नाही, म्हणून डेपोवाले नक्को म्हणाले. हें मीं तमिळांत सांगितलं नाही."

हरिताने ते माइकवरून तमिळमध्ये सांगितलं. पुलापासून गावापर्यंत भातशेतांमधली अंधारी वाट. तिथून तिला एकटीला कोण येऊ देणार?

"घ्या! हत्ती गेला नि शेपूट राहिलं," कमलाक्षीबाई म्हणाल्या. मला वाटलं, चला, आपली ट्रंक बरी.

तेवढ्यात देवळाच्या कोपऱ्यावरचा चहावाला व्यंकोजी उठला आणि भुवनेश्वरीला म्हणाला, "अम्मा, जागा कुठे कमी पडते?"

भुवनेश्वरी घुटमळली. "तुमच्या दुकानापाशीं, अण्णा. तुमच्या पोटावर पाय द्यायला मन होईना, म्हणून बोललें नाही."

"पण मला विचारलंस कधी?" व्यंकोजी म्हणाला. "चार खांब नि एक पत्रा, त्याला दुकान म्हणतात. मागचं आवार माझंच आहे. देतों मागे सरकवून!"

"चहा सुधारणार असेल तर आणखी मागे सरका!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव खदखदा हसला. हरिता तर हसता हसता रडू लागली.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाने ते दुकान उचललं. पत्रा एकाच्या डोक्यावर, बाकडी दुसऱ्याच्या, आणि उकळी आलेलं पातेलं खुद्द व्यंकोजीच्या हातात. डेपोची माणसं जागा बघून गेली आणि हो म्हणाली. सोमवारी संध्याकाळी बस आली ती थेट देवळापर्यंत, आणि ऐटीत वळली! नारळ फुटला, ड्रायव्हरच्या गळ्यात हार पडला, हरिता सर्वांत आधी खाली उतरली. कमलाक्षीबाईंनी मला ट्रंकेतून काढून भुवनेश्वरीच्या खांद्यावर घातलं. "आतां घे," त्या म्हणाल्या. फोटो निघाला. माझं मिनिट संपलं.

भुवनेश्वरीने मला खांद्यावरून काढलं. झालं, आता पुन्हा ट्रंक, असं मला वाटलं. पण तिने मला मागे कुणाच्या हातात दिलं नाही. ती चहाच्या दुकानाकडे गेली आणि मला व्यंकोजीच्या खांद्यावर घालून म्हणाली, "अण्णा, ही काढायची नाही."

त्याने खरंच काढली नाही. मार्गळीच्या, म्हणजे तुमच्या मार्गशीर्षाच्या, थंडीत तो पहाटे चूल पेटवतो, तेव्हा मला कानांवरून घट्ट गुंडाळतो. माझ्या जरीची रया गेली आहे. काठावर चहाचे डाग आहेत, अंगाला आल्याचा वास आहे, आणि ठिणगीने पडलेलं भोक हरिताने रफू केलं आहे. मित्रांनो, मी इतकी सुंदर कधीच नव्हते!

म्हणून एक विनंती करते. मानाच्या वस्तू कपाटात कोंडून ठेवू नका. फाटल्या तर शिवा, पण वापरा. आणि कुणी मोठमोठ्या शब्दांत काही सांगू लागलं, तर प्रेमाने म्हणा, घरच्या बोलीत सांगा. नेमकं कुठे अडलंय ते कळलं, की मागे सरकणारा एखादा व्यंकोजी निघतोच.

थांबा, हॉर्न वाजला. बस वळते आहे. व्यंकोजीने मला कानांवर ओढलं आणि हरितासाठी चहा ठेवला.